अर्धा मिनिट गुणिले दोन

दिवा मी लावला, एवढंच झालं. दुपारचे चार वाजले होते, बाहेर लख्ख ऊन होतं, पण त्या घराच्या बोळासारख्या पॅसेजमध्ये काळोख होता. एजंट मागे कुलपातून किल्ली ओढून काढत होता, ती निघत नव्हती, आणि तो कुलपाच्या सात पिढ्यांशी बोलत होता. मी दोन पावलं पुढे गेले आणि माझा डावा हात आपोआप खाली गेला, दाराच्या मागे, कमरेच्याही थोडा खाली, जिथे कुणीही दिव्याचं बटण बसवत नाही. तिथे बटण होतं. मी ते दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. दिवा लागला. "लागला का?" आतल्या खोलीतून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. "त्याला दोनदा दाबावं लागतं." मी म्हणाले, "हो, माहीत आहे."

माहीत आहे. या शहरात येऊन मला चार दिवस झाले होते. या गल्लीत, या इमारतीत, या तिसऱ्या मजल्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा पाऊल टाकत होते. एजंट किल्ली सोडवून आला आणि म्हणाला, "अरे वा, मॅडम, दिवा सापडला? मला अजून सापडत नाही." मी हसले. हात मात्र मी खिशात घातला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा, आणि तिथे तो थोडा वेळ गप्प बसला. मग मी डोक्यातल्या डोक्यात आमची अकरा घरं फिरून आले. वडील मोजणी खात्यात होते, त्यांची बदली व्हायची, आम्ही गाठोडं बांधायचो. अकरा घरं, सगळी भाड्याची. कुठल्याच घरात बटण कमरेखाली नव्हतं. मी तर लहान होते, सगळीच बटणं माझ्या डोक्यावर होती. वडिलांचा एक नियम होता, भाड्याच्या भिंतीला खिळा ठोकायचा नाही. त्यामुळे आमच्या घरात घड्याळ जमिनीवर असायचं, भिंतीला टेकवून. वेळ बघायला वाकावं लागायचं. कॅलेंडर, आरसा, आजोबांचा फोटो, सगळं जमिनीवर. बाहेरचं कुणी आलं की विचारायचं, "आत्ताच राहायला आलात का?" आई म्हणायची, "हो, आत्ताच. तीन वर्षं झाली."

तीन वर्षं. माझंही तेवढंच होतं. एक तारखेपासून तीन वर्षांसाठी मी इथल्या मोठ्या इस्पितळात भूलशास्त्राची रेसिडेंट म्हणून रुजू होणार होते. वय पस्तीस. नऊ वर्षं एका लहान गावाच्या सरकारी दवाखान्यात सर्दी-खोकला, विंचू आणि बाळंतपणं केल्यावर मला पुन्हा शिकावंसं वाटलं आणि मी परीक्षा दिली. बरोबरची मुलं सव्वीस-सत्तावीसची. भेटल्याच्या पहिल्या तासात मी त्यांची ताई झाले आणि पाठीमागे बहुतेक आजी. माझा सीनियर माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान होता. त्याला सगळे कासव म्हणत, कारण तो पाठीवरच्या सॅकमध्ये उशी, टूथब्रश आणि दोन शर्ट घेऊन फिरायचा. घराचं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, रेसिडेंटला घर लागत नाही, गादी लागते. चष्म्याच्या दुकानावर एक खोली रिकामी आहे. खाट, पंखा, संडास बाहेर. घेऊन टाक. तू घरी जेवढे तास राहशील ना, तेवढ्यात कुंडीतलं झाडसुद्धा जगत नाही." ती खोली मी बघितली. खिडकीबाहेर दुकानाच्या पाटीवरचे दोन मोठे रंगवलेले डोळे होते, आणि पाठीमागून ते डोळे नव्हतेच, नुसता पत्रा होता. एका माणसापुरती खोली. कासवाचं बरोबर होतं. पण कासवाची आई कासवाच्या भावाच्या हॉलमध्ये झोपत नव्हती.

आई हॉलमध्ये झोपते. दादाच्या घरी दोन खोल्या, एक त्याची आणि वहिनीची, एक पोरांची. आईचं अंथरूण सोफ्याखाली ठेवलेलं असतं. ती सगळ्यांच्या नंतर झोपते आणि सगळ्यांच्या आधी उठते, म्हणजे ती झोपते हे कुणाला दिसू नये. कुणी तिला बोलत नाही. वहिनी चांगली आहे. पण मी कधीही गेले तरी बघते, आई सोफ्यावर कडेला बसते. पाठ न टेकता. बाराव्या भाड्याच्या घरात असल्यासारखी. मला रेसिडेन्सी मिळाली हे कळल्यावर तिने अभिनंदन केलं नाही, ती म्हणाली, "मग आता तू घर घेशील. मी येते." प्रश्न नव्हताच तो. नऊ वर्षांत मी साठवलं होतं थोडं. भाडं म्हणजे पाण्यात, असं ती म्हणते, आणि पाण्यात म्हणताना तिचा हात खरंच काहीतरी सोडून दिल्यासारखा उघडतो.

म्हणून एजंट. एजंट बुटका, बोलघेवडा, घामेजलेला माणूस होता आणि दर वाक्याला मॅडम म्हणायचा. माझ्या साठवणीत या शहरात जे मिळत होतं ते त्याने मला दोन दिवसांत दाखवून संपवलं, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मॅडम, एक आहे. इस्पितळापासून सात मिनिटं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, खिडकीला ऊन. तुम्हाला परवडेल. फक्त ते रिकामं नाहीये." मग त्याने समजावलं. घरमालकाला पैसे आत्ता हवे आहेत, बायको-मुलगी दुसऱ्या गावी आहेत, त्याला तिकडे जायचंय. पण त्याची आई घर सोडायला तयार नाही. तेव्हा घर आत्ता विकायचं, आई शेवटपर्यंत आतल्या खोलीत राहणार, घेणारा तोवर बाहेरच्या खोलीत. तिचं करायला सकाळ-संध्याकाळ बाई येते, तिचा पगार मुलगा देणार. आणि ती जितकी वर्षं राहील असं दिसेल, तितकी किंमत कमी. "कोण ठरवणार?" मी विचारलं. "तेच तर," एजंट म्हणाला, आणि त्याला फारच आनंद झाला. "आत्तापर्यंत कुणी ठरवू शकत नव्हतं, म्हणून तर पडून राहिलंय. तुम्ही डॉक्टर आहात, मॅडम!"

त्या पहिल्या दुपारी मालक घरीच होता. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, नखांत काळं वंगण. तो लिफ्ट दुरुस्त करतो. त्याने मला आतल्या खोलीच्या दाराशी नेलं आणि स्वतः उंबऱ्यावरच थांबला, रोजची सवय असल्यासारखा. "दोरखंडाचं मला कळतं," तो हळू म्हणाला. "नुसता बघितला की सांगतो, अजून सहा वर्षं, अजून दहा. माणसाचं तुम्हाला कळतं. तुम्ही सांगाल ते मी धरतो. डॉक्टर खोटं कशाला सांगेल?" त्याला कळत नव्हतं का, की घेणाऱ्यालाच तो किंमत विचारतोय? कळत असेल. विश्वास ठेवून मोकळं व्हायचं होतं त्याला. आत पलंगावर एक बाई तीन उश्यांना टेकून बसल्यासारखी झोपली होती, किंवा झोपल्यासारखी बसली होती. चेहरा लहान, केस पांढरे, कापलेले. मला बघून म्हणाली, "आलीस. बस." आपल्याच माणसाला म्हणतात तसं, मागचं बोलणं अर्धवट राहिलं असावं तसं. मी तिचं मनगट धरलं.

मनगट धरायचं आणि नाडी मोजतोय असं दाखवायचं, आणि मोजायचा मात्र श्वास. हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. आपला श्वास कुणी मोजतंय हे कळलं की माणसाचा श्वास बदलतो. म्हणून हात मनगटावर, नजर घड्याळावर, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून छाती. एक मिनिट मोजायचं असतं. एक मिनिट कुणीही मोजत नाही. अर्धा मिनिट मोजायचं आणि दुप्पट करायची. खरं तर तेही कुणी करत नाही, आदल्या दिवशीचा आकडा उतरवायचा. वीस. सगळ्यांचा वीस. कासव म्हणतो, आपल्या वॉर्डात मेलेला माणूससुद्धा मिनिटाला वीस श्वास घेतो. मी त्यातल्या त्यात प्रामाणिक, मी अर्धा मिनिट मोजला. दहा. म्हणजे वीस. नाडी जरा भरभर, वयाला धरून ठीक. बोलणं स्वच्छ. मी बाहेर येऊन लिफ्टवाल्याला म्हणाले, "छान आहेत की. पाच-सात वर्षं तरी बघायला नको." तो भिंतीकडे बघत राहिला. मग त्याने किंमत सांगितली आणि ती माझ्या आवाक्यात होती, माझ्या मापाने बेतल्यासारखी.

निघताना आतून ती म्हणाली, "आईला खिडकीची बाजू दे. मी एक खण रिकामा केलाय." मी एजंटकडे बघितलं. जिन्यात त्याला विचारलं, "माझ्या आईचं तुम्ही सांगितलंत त्यांना?" तो म्हणाला, "मी? मी तर आजपर्यंत त्या खोलीत गेलोसुद्धा नाही, मॅडम. मला तिथे कसंतरी होतं." मग असेल, मुलाला सांगितलं असेल त्याने, मुलाने तिला. असंच असणार. अशा गोष्टींना एक साधं कारण असतं आणि ते शोधायला गेलं की सापडतं. मी शोधलं नाही.

संध्याकाळी फोन. "बघितलंस?" "बघितलं." "ऊन येतं?" "येतं. आतल्या खोलीत." "मग ती माझी." "आई, आत एक बाई आहेत." मी सगळं सांगितलं. मागे टीव्हीवर लोक हसत होते. आईने आवाज खाली आणला, हॉलमध्ये ती असाच आवाज खाली आणते, आणि म्हणाली, "मग थांबू की गं. त्यात काय. म्हातारं माणूस ते. किती दिवस पुरणार?" त्याच वेळी तिच्या मागे, टीव्हीच्या हसण्यापलीकडे, वहिनी दादाशी काहीतरी बोलत होती. शब्द मला कळले नाहीत. पण चाल तीच होती. दोन बायका एकाच घरात एकाच वेळी तेच वाक्य वेगवेगळ्या खोल्यांत म्हणत असाव्यात असं मला वाटलं, आणि फोन कानाला गरम लागायला लागला. "जेवलीस का?" आई मोठ्याने म्हणाली. म्हणजे वहिनी बाहेर आली होती.

मी हिशेब मांडायला बसले. औषधाच्या माहितीपत्रकाच्या कोऱ्या बाजूवर मधोमध रेघ मारली, डावीकडे भाडं, उजवीकडे विकत. भाडं: तीन वर्षांनी मोकळी. विकत: तीन वर्षांनी बांधलेली, पण कशाला तरी बांधलेली. भाडं: खिळा ठोकायचा नाही. विकत: ठोक. भाडं: आई सोफ्यावर. विकत: आई खिडकीशी, पण आत्ता नाही, बाहेरच्या खोलीत माझ्याबरोबर, आणि मग आत, म्हणजे ती आतली जेव्हा— आणि इथे रेघ ओलांडून अक्षरं पलीकडे गेली. मी ती खोडली नाहीत. वडिलांनी निवृत्तीनंतर घर घेतलं होतं. हे मी विसरते. बारावं घर, स्वतःचं. आई हातोडी घेऊन उभी होती आणि वडील पेन्सिलने भिंतीवर खूण करत होते, घड्याळासाठी, आणि खूण खालीच होत होती, गुडघ्याशी, कारण त्यांना सवय तीच. एकोणीस दिवस जगले ते त्या घरात. मी डॉक्टर होते, मी तपासलं होतं त्यांना, रविवारी जाऊन. वीस लिहिलं असेल मी. कुठे लिहिलं नाही, पण डोक्यात. ते घर मग दादाच्या दोन खोल्यांसाठी विकलं.

दुसऱ्यांदा गेले ती मोजपट्टी घेऊन. विसार द्यायचा होता तो परवा. आईचा पलंग खिडकीशी मावेल का ते बघायचं होतं, आई तीनदा विचारून झाली होती. दुपारचे तीन. लिफ्टवाल्याने किल्ली दिली होती, तो पाचला येणार होता, बाई सकाळचं आटोपून गेली होती. पॅसेजमध्ये मी हात मुद्दाम वर धरून भिंत चाचपली, माहीत नसल्यासारखी, आणि काळोखातच आत गेले. ती झोपली होती. कपाटाची दारं उघडी होती आणि आता तीन खण रिकामे होते, पुसून घेतलेले, त्यांवर जुने कागद नीट अंथरलेले. तिने कधी केलं? पलंगावरून उठून? पलंगाशी तिच्या चपला होत्या, कापडी, आणि दोन्हींना वरून कात्रीने चीर दिली होती. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मोजपट्टी उघडली. भिंतीपासून पलंगाच्या कडेपर्यंत. मग पलंगाची रुंदी. पट्टीचं टोक धरायला कुणी नव्हतं म्हणून मी ते तिच्या उशीखाली अडकवलं आणि पट्टी तिच्या अंगावरून पलीकडे नेली. असं मी केलं. माझ्या हाताला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. पट्टी तिच्या छातीवर टेकली होती आणि हलकेच वर-खाली होत होती, आकडे वर-खाली होत होते, आणि मग ते थांबले.

मी पट्टी सोडली. गुंडाळत ती सर्रकन माझ्या हातात आली. मी खुर्ची ओढली, मनगट धरलं, घड्याळ बघितलं, आणि पहिल्यांदाच, नऊ वर्षांत पहिल्यांदा, ठरवलं की पूर्ण मोजायचं.

एक. अगदी वरवरचा, ओठांतल्या ओठांत. दोन. तीन, थोडा खोल. तीन उश्या, त्या ऐषआरामासाठी नव्हत्या, आडवी झाली तर तिला श्वास पुरत नव्हता, आणि हे मी पहिल्याच दिवशी बघितलं होतं, बघितलं आणि उश्या म्हणूनच बघितलं. चार. पाच. पाय सुजतात तेव्हा चपला कापाव्या लागतात. सहा, सात, आठ, आता ती जिना चढल्यासारखा श्वास घेत होती, खांदे उचलून, झोपेत. नऊ. दहा. इथे माझा अर्धा मिनिट झाला. इथे मी उठले होते त्या दिवशी. दहा दुणे वीस. अकरा, उतरू लागला. बारा. रविवारी वडिलांना मी किती मोजलं होतं? तेरा, जेमतेम. चौदा, तो श्वास होता की मला वाटलं. आणि मग नाही.

घड्याळाचा काटा पुढे जात होता. पाच सेकंद. खोलीत ऊन होतं, पलंगापासून दोन हातांवर, आणि त्यात धूळसुद्धा हलत नव्हती. दहा सेकंद. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. मनगटात नाडी चालू होती, तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. पंधरा. खिडकीशी आईचा पलंग मावणार होता. बोटभर जागा उरणार होती. अठरा. आई तिथे पाठ टेकून बसली होती, मला दिसली, उन्हात, उशी एकच. वीस. माझाही श्वास थांबला होता, हे मला उशिरा कळलं. त्याला मी काळजी म्हणाले असते. बावीस. घर शांत होतं, रिकामं होतं, इतकं रिकामं की कुठल्या भिंतीवर घड्याळ लावायचं तेही मला दिसलं. चोवीस. पंचवीस.

आणि तिने श्वास घेतला.

मला काय वाटलं ते मी लिहून ठेवते, कारण नंतर माणूस ते बदलतं. मला निराश वाटलं. लिफ्टमध्ये शिरता शिरता दार बंद होतं तेव्हा वाटतं तेवढंच, तेवढंच लहान. खूप मोठं काही वाटलं असतं तर मी घाबरले असते आणि सुटले असते. श्वास पुन्हा वर चढू लागला, आणि पाचव्या की सहाव्या श्वासाला तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघत विचारलं, "किती झाले?"

मी मनगट सोडलं. "हळू मोज," ती म्हणाली. "घाई केलीस त्या दिवशी." तिला कसं माहीत, कोण होती ती तरुणपणी, कुठे शिकली, हे मी विचारायला हवं होतं. पुन्हा एक साधं कारण सापडलं असतं. मी तिच्या पायावरची चादर बाजूला केली आणि अंगठा घोट्यावर दाबला, काढला. खड्डा पडला आणि तसाच राहिला, ओल्या मातीत राहतो तसा. आम्ही दोघी त्या खड्ड्याकडे बघत बसलो. "दवाखान्यात जायला हवं, आजी. पाणी उतरेल. श्वास सोपा होईल." "आणि मग?" "मग थोडं बरं वाटेल." "थोडं," ती म्हणाली, चव घेतल्यासारखी. "तुझी आई कशी आहे? पाठ दुखते का तिची?" "का?" "न टेकता बसणाऱ्यांची दुखते."

मी बाहेरच्या खोलीत येऊन उभी राहिले. दोन तास होते. आता माझ्याकडे असं काही होतं जे त्या घरात फक्त मला आणि तिला माहीत होतं. परवा विसार द्यायचा, महिन्याभरात कागद व्हायचे, पाच-सात वर्षांच्या भावाने. आणि ती त्याआधी किंवा त्याच्या लगेच नंतर. कुणीही म्हटलं नसतं की मी फसवलं. मी मोजलं होतं, वीस आले होते, वॉर्डातल्या कुठल्याही कागदावर ते चाललं असतं. काही करावं लागत नव्हतं. फक्त अर्धा मिनिटच मोजला असं धरायचं. आई पुढच्या महिन्यात उन्हात बसली असती. चांगली मुलगी म्हणाले असते मला सगळे, आणि ते खरं असतं. मी खिडकीशी गेले, परत आले, पुन्हा गेले. पावलांना जागा पाठ होती. स्वयंपाकघराच्या दाराशी फरशी जरा वर आली आहे, तिथे माझा पाय आधीच उचलला जात होता. हे घर मला घेत होतं. एजंट, लिफ्टवाला, मी, आम्हाला वाटत होतं व्यवहार आम्ही करतोय. मी एका जागी उभी राहिले आणि पाच वाजेपर्यंत हलले नाही.

लिफ्टवाला आला तो डबा हातात घेऊन. "बसा ना, उभ्या काय. मावतो का पलंग?" "मावतो," मी म्हणाले. "पण तुम्ही विकू नका आत्ता." "का हो? दुसरं मिळालं?" "त्यांना पाच-सात वर्षं नाहीत. आठवडे आहेत. दवाखान्यात नेलंत तर त्रास कमी होईल, ते उद्याच करा. मुलीला, बायकोला बोलावून घ्या." त्याने डबा टेबलावर ठेवला, मग उचलला, मग पुन्हा ठेवला. "परवा वर्षं होती," तो म्हणाला. "परवा मी नीट मोजलं नव्हतं." "म्हणजे दोन दिवसांत वर्षांचे आठवडे केलेत तुम्ही." "हो." तो हसला, एकदाच, खोकल्यासारखा. "मॅडम, तुम्हाला व्यवहार कळत नाही. हे मला कशाला सांगितलंत? आता हे घर तुम्हाला परवडणार नाही." "माहीत आहे." तो खाली बसला. बराच वेळ नखांतलं वंगण काढत राहिला. मग म्हणाला, "दोर तुटायच्या आधी आवाज करतो. थांबून थांबून. मी ऐकत होतो तो आवाज. महिनाभर. मला वाटलं, कामावरचा डोक्यात राहिलाय." आणि मग, वर न बघता, "तुम्ही भाड्याने राहा ना. या खोलीत. द्याल ते द्या. आठवडे तर आठवडे. घरात डॉक्टर असेल. पुढचं पुढे, घर आधी तुम्हालाच विचारीन."

किती सोपं होतं. भाडं आणि विकत यांच्या मधली रेघच पुसली गेली असती. रोज इस्पितळातून यायचं, आत जायचं, मनगट धरायचं, आणि पंचवीस, सव्वीस, तीस, रोज थोडं पुढे मोजायचं, चांगल्या मनाने. मी म्हणाले, "मला नाही जमणार." "का?" "मी तिथे बसले की मोजते." त्याला ते कळलं नाही, आणि मी अधिक सांगितलं नाही. आतून आवाज आला, "सांगितलंस का त्याला?" "हो, आजी." "बरं झालं. मला जमलं नसतं, रडतो तो." लिफ्टवाला उठला. उंबऱ्यापाशी तो सवयीने थांबला, पाय वर उचललेलाच होता, आणि मग आत गेला. पलंग करकरला. तो बसला होता बहुतेक. मी किल्ली टेबलावर ठेवली आणि दार ओढून घेतलं.

चष्म्याच्या दुकानावरची खोली मी त्याच संध्याकाळी घेतली. मालकाने नियम सांगितले, पाणी सकाळी, पाहुणे नकोत, भिंतीला खिळे नकोत. मी सगळ्याला हो म्हणाले. खाटेवर बसून आईला फोन लावला. "दिलास विसार?" "नाही. भाड्याने घेतली एक खोली." "का गं?" मी सांगितलं. उश्या, चपला, पाय. थांबणारा श्वास. मला काय वाटलं ते नाही सांगितलं, पण आईला ते सांगावं लागत नाही, ती माझ्या आवाजात हात घालून काढून घेते. "मग किती सांगितलंस तिच्या मुलाला?" "काही आठवडे." "असं," आई म्हणाली. मागे आज टीव्ही बंद होता. सगळे कुठेतरी गेले असावेत, ती घरात एकटी होती आणि आवाज खाली आणायची गरज नव्हती, तरी तो खालीच होता. "आणि माझे किती दिवस सांगशील?"

"आई, तू ये इथे," मी म्हणाले. "एकच खाट आहे, पण मी बहुतेक इस्पितळातच असेन. मालकाला मी बघते. उद्याच ये."

"ते नाही विचारलं मी," आई म्हणाली, आणि थांबली.